दाराशीं आलेल्या न्यायाची किंमत

एखाद्या तालुक्याच्या गांवीं नवें न्यायालय उघडतें, त्या दिवशीं तेथें तोरणें लागतात, भाषणें होतात, आणि न्याय आतां दाराशीं आला असें जो तो म्हणतो. हा न्याय दाराशीं आणावयास किती खर्च आला आणि तो कोणाच्या खिशांतून गेला, हा प्रश्न मात्र अशा समारंभांत सहसा कोणी काढीत नाहीं. इमारतीचा खर्च डोळ्यांना दिसतो. म्हणून लोक त्याचाच विचार करतात. परंतु इमारत एकदां बांधली कीं झालें. न्यायाधीशाचा पगार, शिरस्तेदार, नाझर, कारकून, बेलीफ आणि पट्टेवाले यांचीं वेतनें, वर्षानुवर्षें वाढत जाणारें दप्तर सांभाळणें, आणि खालच्या न्यायाधीशाचें काम वरिष्ठानें येऊन तपासणें, हा खर्च कधींच संपत नाहीं. याशिवाय पक्षकाराचा खर्च निराळाच. स्टँप, वकील, साक्षीदारांचा भत्ता, गाडीभाडें आणि बुडालेली मजुरी यांची नोंद सरकारच्या कोणत्याही अंदाजपत्रकांत होत नाहीं. तरीही तो खर्च खराच असतो.

महाराष्ट्राच्या इतिहासांत हा प्रश्न एका वेळीं फार तीव्र स्वरूपांत पुढें आला. १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठीं नवीं, जवळचीं आणि स्वस्त न्यायालयें निर्माण करण्याचा मोठा प्रयोग झाला. त्या प्रयोगाचा कांहीं भाग टिकला आणि कांहीं भाग फसला. कोणता भाग टिकला आणि कोणता फसला हें पाहूं गेल्यास न्यायाच्या खर्चाविषयीं एक महत्त्वाची गोष्ट हातीं लागते. परंतु त्यासाठीं थोडें मागें जावयास हवें.

पेशवाईंत खेड्यांतील बहुतेक तंटे पंचायतीपुढें जात. पाटील, कुलकर्णी, गांवचे वतनदार आणि जाणते लोक एकत्र बसत, दोन्ही बाजूंचे कागद व साक्षी पाहत, आणि निवाडा करीत. पंचांना पगार नव्हता, आणि त्यांच्यासाठीं वेगळी इमारतही लागत नसे. देवळाचा सभामंडप किंवा गांवची चावडी पुरे होई. तथापि हा न्याय फुकट होता असें मात्र नाहीं. निवाडा ज्याच्या बाजूनें होई त्याला सरकारांत ‘हरकी’ भरावी लागे, आणि जो हरे त्याच्याकडून ‘गुन्हेगारी’ घेतली जाई. म्हणजे जिंकणाऱ्यानें आनंदाप्रीत्यर्थ द्यावयाचें आणि हरणाऱ्यानें दंडादाखल द्यावयाचें, अशी ती रीत होती. दोन्ही पक्षांकडून सरकारला प्राप्ति होई, पण ती निकालानंतर. दार ठोठावण्यापूर्वींच पैसे मोजण्याची पद्धत तेव्हां मुख्य नव्हती, हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

१८१८ सालीं पेशव्यांचें राज्य गेलें. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखासंबंधीं जो अहवाल कलकत्त्यास पाठविला, त्यांत पंचायतीचे गुण आणि दोष दोन्ही सांगितले आहेत. पंचायत लोकांच्या परिचयाची होती आणि तिच्यावर त्यांचा विश्वास होता, हा तिचा गुण. परंतु पंचांना वेतन नसल्यामुळें त्यांना हजर राहण्याची सक्ति करतां येत नसे, कामें महिनोन्‌महिने लांबत, आणि निवाडा झाला तरी तो अंमलांत आणण्याची खात्री नसे. म्हणूनच सावकार तगादा लावीत, ऋणकोच्या दाराशीं धरणें धरीत आणि आपला न्याय आपणच करून घेत. बिनपगारी न्यायाचें हें दुबळेपण एल्फिन्स्टननें त्या वेळींच नोंदून ठेवलें होतें. साठ वर्षांनंतर ज्यांनीं नवा कायदा केला, त्यांना त्याचा विसर पडला असावा.

एल्फिन्स्टनच्या मनांत पंचायत टिकवावयाची होती. परंतु १८२७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं त्याचीं रेग्युलेशनें अंमलांत आलीं, सरकारी न्यायाधीशांचीं न्यायालयें पक्कीं झालीं, आणि ज्याला लौकर व सक्तीनें वसूल होणारा हुकूमनामा हवा होता तो पंचायतीकडे फिरकेनासा झाला. पंचायत कोणीं कायद्यानें मोडली नाहीं. तिच्या शेजारीं अधिक बळकट यंत्र उभें राहिलें आणि ती आपोआप ओस पडली.

या नव्या यंत्राचा खर्च कोणीं सोसावा, यासंबंधीं इंग्रज सरकारचें धोरण त्यापूर्वींच बंगालमध्यें ठरून गेलें होतें. लॉर्ड कॉर्नवॉलिसनें १७९३ सालीं लहान दाव्यांसाठीं जे देशी मुनसफ नेमले, त्यांना पगार नव्हता. दाव्याच्या किंमतीवर रुपयामागें एक आणा त्यांना मिळे. न्यायाधीशाचें पोट दाव्यांच्या संख्येवर अवलंबून ठेवावयाचें, अशी ही व्यवस्था होती. कज्जे इतके वाढले कीं न्यायालयांना तीं कामें आवरेनात. तेव्हां १७९५ च्या अडतिसाव्या रेग्युलेशननें दावा दाखल करतांनाच फी घेण्यास आरंभ झाला, आणि तिचें कारण असें देण्यात आलें कीं खोट्या व निष्कारण दाव्यांना तिच्यामुळें आळा बसेल.

योगायोग असा कीं त्याच १७९५ सालीं इंग्लंडांत जेरेमी बेंथॅम याचा न्यायावरील करांविरुद्धचा निबंध प्रसिद्ध झाला. न्यायावर कर बसविणें हा सर्व करांत वाईट कर होय, कारण जो आधींच नाडलेला आहे त्याच्यावर तो पडतो, असें त्याचें म्हणणें होतें. चाळीस वर्षांनीं, १८३५ सालीं, मेकॉले यानें बंगालच्या त्या रेग्युलेशनाच्या प्रस्तावनेचा कडक शब्दांत समाचार घेतला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, फी ही खरा दावा आणि खोटा दावा यांत भेद करीत नाहीं. ती गरिबाला थांबवते आणि श्रीमंताला वाट मोकळी ठेवते. दावा खोटा कीं खरा हें तर चौकशीअंतीं कळावयाचें. मग चौकशीच्या आधींच दंड कसा घेतां येईल? युक्तिवाद बिनतोड होता. परंतु स्टँपाचें उत्पन्न सरकारला सोडवेना.

पुढें १८७० सालीं साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं कोर्ट-फीचा कायदा झाला. त्यांतील दर पाहिले म्हणजे हा भार कोणावर कसा पडे तें स्पष्ट होतें. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यास दर पांच रुपयांस सहा आणे, म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्यास साडेसात रुपये. हजार रुपयांच्या दाव्यास ७५ रुपये. हेंही शेंकडा साडेसातच. तेथून पुढें मात्र दर उतरत जाई. दहा हजारांच्या दाव्यास ४७५ रुपये, म्हणजे शेंकडा पावणेपांचच. आणि दावा कितीही मोठा असला तरी तीन हजार रुपयांपेक्षां अधिक फी घ्यावयाची नाहीं, अशी मर्यादा घातलेली होती. जमीनदाराच्या लाखांच्या वादापेक्षां कुणब्याच्या शंभर रुपयांच्या वादावर शेंकडेवारीनें किती तरी जड कर बसे. शेतमजुराला दिवसाकाठीं कांहीं आणे मिळत, त्या काळांत साडेसात रुपये म्हणजे एकशेंवीस आणे ही रक्कम लहान नव्हती.

आतां दख्खनच्या एखाद्या कोरडवाहू गांवांतील शेतकऱ्यावर सावकारानें दावा लावला म्हणजे काय होई तें पाहावें. समन्स घेऊन बेलीफ येई. कागद ज्या भाषेंत व ज्या रीतीनें लिहिलेला असे तो शेतकऱ्याला उमगत नसे. न्यायालय वीस-पंचवीस कोसांवर असलें तर जाण्यायेण्याचे चार दिवस मोडत; तारीख पुढें गेली तर पुनः तितकेच. पेरणी किंवा काढणी चालू असली तर बैल सोडून जाणें शक्य नसे. साक्षीदारांना बरोबर न्यावें तर त्यांचें खाणेंपिणें आणि भत्ता त्यानेंच द्यावयाचा. वकिलाची फी वेगळी. इतका खर्च करून जाणाऱ्याला न्यायालयांत एकच प्रश्न विचारला जाई: खतावरची सही किंवा अंगठा तुझा कीं नाहीं? ‘माझा आहे, पण पैसे इतके घेतले नव्हते’ या उत्तराला किंमत नसे. मग जावें कशासाठीं? शेतकरी घरींच बसे, आणि दावा एकतर्फी निकालांत निघे. अशा एकतर्फी हुकूमनाम्यांचें प्रमाण फार मोठें होतें.

यांतील सर्वांत क्रूर गोष्ट पुढेंच होती. सावकारानें भरलेली कोर्ट-फी, समन्सचा खर्च आणि वकिलाचा मेहनताना हीं सारीं हुकूमनाम्याच्या रकमेंत मिळविलीं जात. सावकारानें आधीं दिलेले पैसे शेवटीं शेतकऱ्याच्याच जमिनीवर चढत. अशा रीतीनें सरकारच्या न्यायखात्याचा खर्च सावकारानें उचलला असें कागदोपत्रीं दिसे. वस्तुतः तो त्या कुळानें उचललेला असे, जें न्यायालयाची पायरीही चढलेलें नव्हतें.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला आणि शेतकऱ्याची पत वाढली. युद्ध संपल्यावर भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारनें कांहीं तालुक्यांत नव्या पाहणीनें सारा वाढविला. सावकारांनीं हात आंखडता घेतला आणि दावे सुरू केले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं एका सावकारानें तेथील देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळविला आणि त्याचें घर पाडलें. तेव्हां सबंध गांवानें सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षीं, १२ मे १८७५ रोजीं, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा झाला आणि तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. दंगेखोरांनीं माणसें मारण्यावर भर दिला नाहीं. त्यांनीं सावकारांच्या पेट्या फोडल्या, आणि खतें, रोखे व हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी केली. ज्या कागदांपुढें न्यायालयांत आपलें कांहीं चालत नाहीं, ते कागदच त्यांनीं जाळले. या दंग्याचा याहून स्पष्ट अर्थ कोणी लावून दाखविण्याची गरज नव्हती.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. कर्जबाजारीपणाच्या इतर कारणांबरोबर कायदा आणि न्यायालयें यांचाही दोष कमिशनाला दिसून आला. त्यांतून सर थिओडोर होप यांनीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत विधेयक मांडलें आणि १८७९ चा सतरावा कायदा झाला. ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. त्याच वर्षींच्या १ नोव्हेंबरपासून तो लागू झाला.

या कायद्यांतील कर्जासंबंधींच्या तरतुदी सर्वांना ठाऊक आहेत. शेतकऱ्याला कर्जासाठीं तुरुंगांत टाकूं नये, आणि न्यायाधीशानें खतामागें जाऊन व्यवहाराचा मूळपासून हिशेब पाहावा, या त्यांतील प्रमुख. परंतु न्यायालयाच्या खर्चाच्या दृष्टीनें पाहिल्यास त्यांत दुसऱ्याच कांहीं गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. शेतकरी जेथें राहतो, त्या हद्दींतील न्यायालयांतच त्याच्यावर दावा लावावयाचा, असें ठरलें. अंतराचा खर्च अशा रीतीनें फिर्यादीकडे वळविला गेला. एकतर्फी निकालांना आळा बसावा म्हणून प्रतिवादीला समक्ष बोलावून त्याची जबानी घेण्याचें काम न्यायाधीशावर सोंपविलें. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना सामान्यतः मज्जाव केला. लहान दाव्यांत अपील काढून टाकलें, आणि त्याऐवजीं सरकारी खर्चानें वरिष्ठ न्यायाधीशांनीं खालच्या न्यायालयांचें काम तपासावें व चूक दिसल्यास सुधारावी, अशी योजना केली. अपील करावयाचें तर पक्षकारानें पैसे खर्चून वरच्या न्यायालयाकडे जावयाचें. तपासणींत वरचें न्यायालय स्वतःच्या खर्चानें पक्षकाराकडे येतें. न्यायदानाचा एक मोठा खर्च येथें शेतकऱ्याच्या कनवटीवरून उचलून खजिन्यावर ठेवण्यांत आला.

परंतु त्याच कायद्यानें आणखी दोन प्रकारचे न्यायदाते निर्माण केले, आणि तेथें हिशेब उलट झाला. एक ग्राममुनसफ. गांवचा पाटील किंवा दुसरा कोणी प्रतिष्ठित गृहस्थ नेमून त्याला दहा रुपयांपर्यंतचे दावे निकालांत काढण्याचा अधिकार द्यावयाचा. ही दहा रुपयांची मर्यादा नवी नव्हती. मद्रास इलाख्यांत टॉमस मन्रोच्या सुधारणांत, १८१६ सालीं, ग्राममुनसफास हीच मर्यादा होती. दुसरा प्रकार सलोखा करून देणाऱ्यांचा. कायद्यांत त्यांना ‘कन्सिलिएटर’ म्हटलें आहे. शेतकऱ्याविरुद्ध दावा लावण्यापूर्वीं आधीं यांच्यापुढें जावयाचें, तडजोड होत नाहीं असा त्यांचा दाखला घ्यावयाचा, आणि मग न्यायालय. या दोघांनाही पगार नव्हता. मान हेंच त्यांचें वेतन.

त्याच वर्षाच्या आरंभीं मुंबईंत दुसरी एक घटना घडली होती. कर्नल फुलर यांनीं आंखलेली हायकोर्टाची इमारत १८७१ च्या एप्रिलांत सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरांत पुरी झाली, आणि १० जानेवारी १८७९ रोजीं तींत पहिली बैठक भरली. पांचशें बासष्ट फूट लांबीच्या त्या भव्य इमारतीस सुमारे साडेसोळा लाख रुपये लागले. मंजूर रकमेहून तो खर्च थोडा कमीच झाला, असें अभिमानानें सांगितलें जातें. तो खर्च व्यर्थ होता असें कोणी म्हणणार नाहीं. ती इमारत आजही काम देत आहे. परंतु एकाच राज्यांत, एकाच वर्षीं, वरच्या न्यायासाठीं साडेसोळा लाखांचें मंदिर उभें राहतें आणि गांवच्या न्यायासाठीं एका कारकुनाच्या पगाराचीही तरतूद होत नाहीं, यांत राज्यकर्त्यांची दृष्टि दिसून येते. वरचा न्याय हें राज्याचें कर्तव्य, आणि खालचा न्याय ही गांवकऱ्यांनीं फावल्या वेळीं करावयाची सेवा, अशी ती दृष्टि होती.

या प्रयोगाचें फळ जसें पेरलें तसें आलें. जेथें सरकारनें पैसा घातला, तेथें सुधारणा झाली. पगारी सब-जज्जांच्या न्यायालयांत शेतकरी हजर राहूं लागला, आपली हकीकत सांगूं लागला, आणि फुगविलेलीं खतें हिशेबाच्या कसोटीस लागूं लागलीं. या कामाच्या तपासणीसाठीं खास न्यायाधीश आणि त्यांचे साहाय्यक नेमले होते. महादेव गोविंद रानडे यांनीं प्रथम डॉ. पोलन यांच्या हाताखालीं आणि नंतर स्वतः खास न्यायाधीश म्हणून हें काम केलें. तेथूनच ते १८९३ सालीं हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. ही नोकरी फिरतीची होती. गाड्या, तंबू, कारकून आणि दप्तर घेऊन गांवोगांवीं मुक्काम करावयाचा, तेथील न्यायालयाचीं कामें एकामागून एक वाचावयाचीं, आणि चुका दुरुस्त करावयाच्या. रमाबाई रानडे यांच्या आठवणींमुळें मराठी वाचकांना त्या फिरतीचा चांगला परिचय आहे. वरवर पाहणाऱ्याला हा खर्च अवांतर वाटेल. वस्तुतः तोच या कायद्याचा कणा होता; कारण अपील नसलेल्या न्यायालयावर देखरेखही नसेल, तर तें न्यायालय नव्हे, एका माणसाची मर्जी होय.

जेथें पैसा घातला नाहीं, तेथें निराळें घडलें. बिनपगारी ग्राममुनसफांना न्यायव्यवस्थेंत कधींच मोठें स्थान मिळालें नाहीं. ज्यांना वेळ आणि लौकिक दोन्ही होते असे निःस्पृह गृहस्थ थोडे. आणि गांवांतील ज्याला इतरांवर वजन पाडावयाचें असे, त्याला असें पद हवें असे. सलोख्याच्या पद्धतीचा आरंभीं मोठा गाजावाजा झाला. कांहीं ठिकाणीं खरोखरीच समंजस तडजोडी झाल्या. परंतु पुष्कळ ठिकाणीं सलोखा म्हणजे दाव्याच्या वाटेंतील आणखी एक नाका होऊन बसला. तेथेंही जावें लागे, तारखा पडत, आणि दाखला मिळाला कीं पुनः न्यायालय उरलेंच. ज्या शेतकऱ्याचा एक हेलपाटा वांचवावयाचा होता, त्याच्या नशिबीं दोन हेलपाटे आले. या पद्धतीवर टीका वाढत गेली आणि अखेर ती रद्द झाली. एल्फिन्स्टननें १८१९ सालीं बिनपगारी पंचांविषयीं जें लिहिलें होतें, त्याचाच हा दुसरा अनुभव होता.

तेव्हां या प्रयोगाचा हिशेब असा मांडतां येतो. न्यायालयाचा खर्च तीन ठिकाणांहून निघूं शकतो: राज्याच्या खजिन्यांतून, पक्षकाराच्या खिशांतून, किंवा विनावेतन राबणाऱ्या न्यायदात्याच्या अंगांतून. पहिला खर्च सर्वांना दिसतो. म्हणून त्याच्याविषयीं राज्यकर्त्यांना भीति वाटते. दुसरा व तिसरा कोणाच्या वहींत चढत नाहींत, म्हणून ते नाहींतच असें वाटतें. पण खजिन्यानें नाकारलेला रुपया दुसरीकडे कोठें तरी भरावाच लागतो, आणि तो बहुधा ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याला भरावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर हा विचार पुनः वर आला. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील लॉ कमिशननें १९५८ सालच्या आपल्या चौदाव्या अहवालांत न्यायदान हें राज्याचें प्राथमिक कर्तव्य असल्याचें सांगून, सरकारनें पक्षकारांकडून नफा मिळवूं नये असें मत दिलें. पुढें सुप्रीम कोर्टानें झेनिथ लॅम्प कंपनीच्या खटल्यांत कोर्ट-फी ही फी आहे, सामान्य कर नव्हे, आणि म्हणून तिचा दिवाणी न्यायदानाच्या खर्चाशीं मेळ असावयास हवा, असा निर्णय दिला. बेंथॅम आणि मेकॉले यांनीं जें तत्त्व मांडलें, त्याच्या निदान अर्ध्या भागास अशा रीतीनें कायद्याची मान्यता मिळाली.

परंतु तत्त्व मान्य होणें वेगळें आणि पैसा निघणें वेगळें. २००८ सालीं संसदेनें ग्रामन्यायालयांचा कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००९ पासून तो अंमलांत आला. त्याचा उद्देश १८७९ च्या कायद्याची आठवण करून देणारा आहे. मधल्या स्तरावरील पंचायतीसाठीं एक न्यायालय. तेथें प्रथम वर्गाच्या न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकारी. त्यानें गांवोगांवीं फिरून काम चालवावयाचें. आणि दिवाणी अर्जास शंभर रुपयांपेक्षां अधिक फी घ्यावयाची नाहीं. न्यायाधिकाऱ्यास पगार आहे, ही येथें मोठी सुधारणा. परंतु केंद्र सरकारनें मदत ठरविली ती अशी: प्रत्येक न्यायालयास एकदांच अठरा लाख रुपये, त्यांत इमारतीसाठीं दहा, वाहनासाठीं पांच आणि कचेरीच्या साहित्यासाठीं तीन, आणि चालू खर्चाचा अर्धा वांटा, तोही वर्षास ३ लाख २० हजारांच्या मर्यादेंत आणि पहिलीं तीन वर्षेंच. या मर्यादेचा महिन्याचा हिशेब केला तर सत्तावीस हजारांहूनही कमी रक्कम येते. आजच्या वेतनश्रेणींत कनिष्ठ स्तरावरील दिवाणी न्यायाधीशाचा आरंभींचा मूळ पगारच ७७,८४० रुपये आहे. बाकीचा भार राज्यांनीं उचलावयाचा. पुष्कळ राज्यांचा पाय तेथेंच अडला. ठरल्या संख्येच्या मानानें फार थोडीं ग्रामन्यायालयें उभीं राहिलीं, आणि २०२० च्या जानेवारींत सुप्रीम कोर्टाला मागें पडलेल्या राज्यांना चार आठवड्यांची मुदत घालावी लागली. न्यायालयाची स्थापना इमारतीच्या आणि मोटारीच्या पैशांत मोजली, व रोजच्या चालू खर्चाचा विचार पुढच्यावर सोडला, म्हणजे असेंच व्हावयाचें.

वरच्या न्यायालयाच्या बाबतींतही अंतराचा प्रश्न सुटावयास किती काळ लागतो, याचें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना हायकोर्टांतील प्रत्येक कामासाठीं मुंबईचा प्रवास करावा लागे. दीर्घ काळच्या मागणीनंतर १७ ऑगस्ट २०२५ रोजीं कोल्हापूर येथें मुंबई हायकोर्टाच्या फिरत्या खंडपीठाचें उद्घाटन झालें आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालें. या खंडपीठासाठीं खजिन्यांतून जो खर्च होईल तो अंदाजपत्रकांत छापला जाईल, त्याच्यावर चर्चा होईल, आणि ती व्हावयासही हवी. परंतु सहा जिल्ह्यांतील लोकांनीं इतकीं वर्षें रेल्वे, मोटारी, मुंबईंतील मुक्काम आणि बुडालेले रोजगार यांपायीं जो पैसा घातला, त्याचा आंकडा कोणींही मांडलेला नाहीं. नव्या न्यायालयाचा खर्च या दुसऱ्या आंकड्याशीं ताडून पाहिल्याखेरीज तो जास्त कीं कमी हें ठरवितां येणार नाहीं.

सुप्याच्या बाजारांत ज्यांनीं खतें जाळलीं, त्यांना अर्थशास्त्र ठाऊक नव्हतें. पण न्यायालयावर होणारा खर्च वांचविला तर त्याची भरपाई दुसऱ्या कोणाला करावी लागते, हें त्यांना आपल्या जमिनी देऊन समजलें होतें. कोणत्याही नव्या न्यायालयाचें अंदाजपत्रक वाचतांना त्या चार जिल्ह्यांचा हा अनुभव शेजारीं ठेवावा. इमारतीला किती, हा प्रश्न विचारावा. परंतु न्यायाधीशाला, कारकुनाला आणि तपासणीला दरसाल किती, आणि गांवाहून येणाऱ्या शेवटच्या माणसाला किती, हे प्रश्न त्याच्याही आधीं विचारावे.